नाशिकमध्ये राहून आयटीत नोकरी: नव्याने येणाऱ्या मुलींसाठी

माझे वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग करायचे. गोडी छाटणी (द्राक्षं धरण्यासाठीची छाटणी) झाली की त्यांच्या खिशात एक छोटी वही यायची. कुठल्या प्लॉटवर, कुठल्या तारखेला, कुठलं औषध, किती पाण्यात. संध्याकाळी हातपाय धुतले की चहाच्या आधी ते लिहून टाकायचे. माल युरोपला पाठवायचा तर बाग अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) ग्रेपनेटवर नोंदवावी लागते, द्राक्षांत औषधाचा अंश किती उरलाय ते प्रयोगशाळेत तपासलं जातं आणि फवारणीच्या नोंदी दाखवाव्या लागतात. एका वर्षी शेजारच्या बागेतला माल आमच्यापेक्षा सरस होता. मणी, रंग, गोडी सगळं उत्तम. नोंदी मात्र अर्धवट होत्या, आणि तो माल गावातल्याच बाजारात गेला.

मी नाशिकमध्येच गेली चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दरवर्षी सिन्नर, दिंडोरी, पिंपळगाव, मनमाडकडच्या मुली भेटतात. कुणी नुकती इंजिनिअर झालेली, कुणी बीएस्सी करून दोन वर्षं घरी बसलेली, कुणी मूल झाल्यावर पुन्हा उभी राहू बघणारी. सगळ्यांना मी पहिल्यांदा एकच सांगते: वडिलांसारखी एक वही करा. शिकताना, मुलाखतीला जाताना, नोकरीत आणि अडचणीतही ती कामाला येते. खाली लिहिलेली प्रत्येक पायरी त्या वहीतलं एकेक पान समजा.

पायरी १: कुठलं काम करायचं ते ठरवा

‘मला आयटीत जायचंय’ हे अजून ठरवणं झालं नाही. आयटीत कामं वेगवेगळी आहेत आणि त्यांचा दिवस वेगवेगळा असतो. डेव्हलपर दिवसभर कोड लिहिते आणि दुसऱ्याचा कोड वाचते. टेस्टर प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते शोधते. सपोर्टमधली मुलगी ग्राहकाची तक्रार ऐकून, तपासून सोडवते किंवा पुढे पाठवते. डेटाचं काम करणारीचा जीव एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि एक्सेलमध्ये असतो. क्लाउड आणि डेटा सेंटरच्या कामात सर्व्हर चालू ठेवायचे असतात, तिथे शिफ्ट आल्याच.

नाशिकमध्ये इथेच सुरू झालेल्या आयटी कंपन्या आहेत. ईएसडीएसचं डेटा सेंटर सातपूरला आहे, विंजितही इथलीच. पण माझ्या मते नाशिकचं खरं बळ कारखान्यांत आहे, आणि मुली नेमक्या तिकडे बघत नाहीत. सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग, स्विचगिअर, टायर, औषधं बनतात. त्या प्रत्येक ठिकाणी ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, मशीनवर पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे कॉम्प्युटर असतात, त्यांचा डेटा स्क्रीनवर आणणारी स्काडा प्रणाली असते. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन झालेल्या मुली ते सगळं बाजूला ठेवून घाईघाईने जावाच्या क्लासला बसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्या मुलीला मोटर स्टार्टर कळतो आणि त्यावर चार ओळींचं लॉजिकही लिहिता येतं, तिच्यासारख्या शंभर नसतात. बी. कॉम. झालेल्या मुलीला जीएसटी आणि स्टॉकची नोंद कळत असेल, तर ईआरपी सपोर्टमध्ये ती कुठल्याही इंजिनिअरच्या तोडीस तोड असते.

वहीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी लिहा: मला आधीपासून काय येतं, आणि त्याच्या सर्वांत जवळचं काम कुठलं.

पायरी २: शिका, पण पैसे जपून

बारावीनंतर प्रवेश घेणार असाल तर एक गोष्ट घरी सांगा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ते लागू नाही. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर करायचा, आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवायचा. तहसीलच्या खेपा प्रवेशाच्या आठवड्यात सुरू केल्या की फार धावपळ होते.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या गावातच, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. १९८९ सालचं हे विद्यापीठ नोकरी-संसार सांभाळून पदवी पूर्ण करणाऱ्यांसाठीच आहे. कंपनीत ‘कुठल्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असते तिथे ही पदवी चालते. एमएस-सीआयटी केलं असेल तर चांगलंच, कॉम्प्युटरची भीती जाते. फक्त तेवढ्यावर सॉफ्टवेअरची नोकरी मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

डिग्रीनंतर क्लास लावायचा की नाही? आधी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेला) एखादा मोफत कोर्स सहा-आठ आठवडे मन लावून करून बघा. शिकणं फुकट आहे, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तरच पैसे पडतात. तेवढा पुरा झाला नाही तर पन्नास हजारांच्या क्लासने तो पुरा होईल असं नाही. क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिकवणारा माणूस स्वतः कुठे काम करतो? गेल्या बॅचमधल्या दोन मुलींशी फोनवर बोलता येईल का? मधेच सोडावं लागलं तर पैसे परत मिळतात का, आणि ते लेखी देता का? ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ असा बोर्ड दिसला तर दुसरा प्रश्न दोनदा विचारा.

पायरी ३: स्वतःचं एक छोटं काम उभं करा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण नोकरी बहुतेक वेळा इथे ठरते.

दोन वर्षांपूर्वी पिंपळगावकडची एक मुलगी मुलाखतीला आली होती. रेझ्युमेवर इतरांसारखंच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम लिहिलेलं होतं. त्यावर विचारलं तर ती गडबडली, कारण ते ग्रुपमधल्या दुसऱ्याने केलेलं होतं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, मी घरी पप्पांसाठी एक केलंय, पण ते साधं आहे.’ मी म्हटलं, दाखव.

तिने फवारणीची वही कॉम्प्युटरवर आणली होती. एक टेबल औषधांचं: नाव, आणि फवारल्यानंतर किती दिवस काढणी करायची नाही तो आकडा. दुसरं टेबल फवारण्यांचं: तारीख, प्लॉट, औषध, मात्रा. प्लॉट निवडला की काढणी कोणत्या तारखेनंतर करता येईल ते खाली यायचं. मी विचारलं, ‘ही तारीख तू शेवटच्या फवारणीवरून काढतेस ना?’ ती म्हणाली, ‘आधी तसंच केलं होतं, पण चुकलं.’ आणि तिने कागद ओढून मांडून दाखवलं. समजा १० जानेवारीला ४० दिवस थांबायला लागणारं औषध मारलं आणि २५ जानेवारीला ७ दिवसांचं. शेवटची फवारणी धरली तर १ फेब्रुवारीला माल काढता येईल असं दिसतं. खरं तर १९ फेब्रुवारीपर्यंत थांबायला हवं. म्हणून प्रत्येक फवारणीची तारीख वेगळी काढायची आणि त्यातली सर्वांत पुढची धरायची. ‘पप्पांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, हे चूक आहे म्हणून.’

माझ्याबरोबरच्या सहकाऱ्याने विचारलं, एकाच टाकीत दोन औषधं मिसळली तर? तिने पाच सेकंद विचार केला. ‘दोन ओळी घालीन, पण टाकीचा नंबर एकच देईन.’ वीस मिनिटं ती बोलत होती आणि एकदाही अडखळली नाही. ती आज आमच्या टीममध्ये आहे.

तुमच्या घरी द्राक्षं नसतील. बचत गटाचा हिशोब असेल, आईची पापड-मसाल्यांची ऑर्डर असेल, वडिलांच्या दुकानातली उधारी असेल, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची नोंद असेल. ज्या कामाचे बारकावे घरातच कळतात ते निवडा, कारण तुमची चूक दाखवणारा माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असतो. असा परीक्षक पैसे देऊन मिळत नाही.

काम छोटं ठेवा: दोन-तीन टेबलं, एक फॉर्म, एक रिपोर्ट. कोड गिटहबवर (कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर) टाका, आणि एकदम शेवटी न टाकता रोज जेवढं झालं तेवढं टाका. प्रत्येक वेळी एक ओळ लिहावी लागते, ती नीट लिहा. ‘बदल केले’ असं लिहून काही कळत नाही. ‘काढणीची तारीख शेवटच्या फवारणीऐवजी सर्वांत पुढच्या तारखेवरून काढली’ ही ओळ वाचणाऱ्याला तुम्ही विचार कसा करता ते सांगते. इंग्रजीत लिहायची असते, साध्या इंग्रजीत लिहा, व्याकरण चुकलं तरी चालेल. घरच्यांचे खरे फोन नंबर, बँकेचे तपशील मात्र गिटहबवर कधीही टाकू नका, तिथे खोटी नावं आणि आकडे घाला.

आणि वहीत रोज तीन ओळी: आज काय केलं, कुठे अडकले, कसं सुटलं. मुलाखतीत ‘एखादी अडचण सांगा जी तुम्ही सोडवलीत’ असं हमखास विचारतात. ज्यांनी लिहून ठेवलेलं नसतं त्या त्या क्षणी काहीतरी रचतात, आणि समोरच्याला ते कळतं.

पायरी ४: रेझ्युमे

एक पान. वर नाव, फोन, ईमेल, गिटहबची लिंक, गावाच्या जागी फक्त ‘नाशिक’. आपल्याकडे बायोडेटाची सवय असल्याने मुली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पूर्ण पत्ता, कधी कधी धर्म आणि जातही लिहितात. हे सगळं काढून टाका. स्थळासाठी पाठवायचा कागद वेगळा. रेझ्युमे पंचवीस जणांच्या हातातून जातो. तुमचा घरचा पत्ता त्या पंचवीस जणांकडे असायचं काही कारण नाही. नोकरी शोधण्यासाठी शक्य असेल तर वेगळा मोबाईल नंबर घ्या.

मधली वर्षं मोकळी गेली असतील तर लपवू नका. ‘२०२१ ते २०२४, कौटुंबिक कारणासाठी विराम’ आणि खाली त्या काळात जे शिकलात ते. जी भाषा येते म्हणून लिहाल तिच्यावर प्रश्न येणार, म्हणून सहा भाषा लिहिण्यापेक्षा दोन लिहा.

पायरी ५: मुलाखत

इंग्रजीची धास्ती सगळ्यांना असते. मलाही होती, आठवीपर्यंत झेडपीच्या शाळेत शिकले. उपाय एकच कामी आला: आपल्या प्रोजेक्टवर पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजीत बोलायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. पहिल्यांदा ऐकवत नाही. दहाव्यांदा वाक्यं जागेवर बसलेली असतात. अडलं तर ‘एक मिनिट विचार करून सांगते’ हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवा आणि खरोखर विचार करा. येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि ते शोधायला कुठून सुरुवात कराल ते सांगा.

मग तो प्रश्न येतो. ‘लग्नाचं काय?’ किंवा ‘मिस्टर पुण्याला गेले तर?’ मुलांना तो विचारलेला मी फारसा ऐकला नाही. रागवायचा हक्क तुम्हाला आहे, पण नोकरीही हवी असते, म्हणून उत्तर आधी तयार ठेवा. मी मुलींना हे शिकवते: ‘पुढची काही वर्षं याच कामात राहायचं ठरवून मी आले आहे. कामाबद्दल, शिफ्टबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.’ शांतपणे म्हणायचं आणि थांबायचं. तारखा, स्थळं, सासरचं मत, यातलं काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही. घरी आल्यावर तो प्रश्न कुणी, कसा विचारला ते वहीत लिहा. त्यानंतरही तोच विषय ओढत राहिले असतील, तर त्या ऑफिसचं वातावरण तुम्हाला आत जाण्याआधीच दिसलंय.

पायरी ६: ऑफर लेटर सही करण्याआधी

नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणोत, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणोत की ट्रेनिंग फी, तिथून उठा. ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून आलाय की साध्या जीमेलवरून ते बघा. कंपनीचं नाव कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. फसून पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत सांगितलं तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येण्याची आशा असते.

ऑफर लेटरमध्ये सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाचा, मोठा आकडा असतो. हातात महिन्याला किती येणार, हे लेखी विचारा. सीटीसीत बहुतेक वेळा कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. तुमच्या मूळ पगाराचे १२ टक्के पीएफला जातात आणि तेवढेच कंपनी घालते. यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) मिळाल्यावर पासबुकात पैसे खरंच जमा होतात का ते दोन महिन्यांनी बघा.

बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिने आणि सोडल्यास किती रक्कम ते नीट वाचा, घरात कुणाला तरी वाचायला द्या. मूळ मार्कशीट आणि पदवीचं प्रमाणपत्र कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. दाखवायचं, झेरॉक्स द्यायची आणि मूळ कागद परत पिशवीत. ‘सगळेच ठेवतात’ असं म्हटलं तरीही.

पायरी ७: रस्ता आणि घर

नोकरी सातपूरला आणि राहायला नाशिकरोडला, असं असेल तर रोजचा प्रवास होकार देण्याआधी एकदा कामाच्या वेळेला करून बघा. द्वारकेच्या चौकात संध्याकाळी किती वेळ जातो ते नकाशावर कळत नाही. सिटीलिंकच्या त्या मार्गावरची शेवटची बस कितीची आहे ते वहीत लिहा. सिन्नर किंवा अंबडच्या आतल्या भागात ऑफिस असेल तर मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंत कसं जायचं, तिथे दिवे आहेत का, हे दिवसा न बघता अंधार पडल्यावर बघा. स्कूटी शिकून घ्या. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी मुलींची नोकरी टिकलेली मी पाहिली आहे.

रात्रीच्या शिफ्टबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची आणि घरापर्यंत वाहनाची सोय कंपनीने करायची असते. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव घरी पाठवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, म्हणजे त्यात कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही.

घरच्यांशी बोलणं याहून अवघड असतं. माझ्या सासूबाईंना मी घरून काम करते म्हणजे घरीच आहे असं वाटायचं. कुकरच्या शिट्ट्या, गॅसवाला, पोस्टमन, सगळं मीच. भांडून काही झालं नाही. एक दिवस मी त्यांना शेजारी बसवलं आणि मीटिंग चालू असताना हेडफोन काढून आवाज मोठा केला. पंधरा माणसं बोलत होती आणि त्यातला एक जण माझं नाव घेऊन मला विचारत होता. मीटिंग संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘अगं, हे रोज असतं?’ दुसऱ्या दिवसापासून साडेदहाला दार त्या उघडायला लागल्या. आपलं काम घरातल्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. शेतातलं दिसतं, दुकानातलं दिसतं. एकदा दाखवा. आणि कामाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा, कुठल्या वेळी हाक मारायची नाही ते लाल पेनाने.

मुंबई-पुण्याला जायचं का, हे मला सतत विचारतात. सकाळच्या पंचवटीने मुंबईला मुलाखत देऊन संध्याकाळी परत येता येतं. पुणे मात्र रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तिथे मुक्कामाचीच तयारी हवी. माझं मत असं की पहिलं दीड-दोन वर्ष नाशिकमध्ये मिळत असेल तर घ्या. पगार कमी असतो, पण राहण्याचा खर्च वाचतो आणि छोट्या टीममध्ये जास्त प्रकारचं काम हाताखालून जातं. त्यानंतर बाहेर जायचं असेल तर अनुभवाच्या जोरावर जा, आणि घरच्यांनी ‘नाशिकमध्येच राहा’ एवढ्यासाठी थांबू नका.

पायरी ८: पहिले तीन महिने

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही कारखान्याच्या हजेरीचं सॉफ्टवेअर तपासत होतो. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की रात्रपाळीच्या कामगारांचे तास चुकतायत. रात्री दहाला आत आणि सकाळी सहाला बाहेर, तर तास आठ यायला हवेत. स्क्रीनवर उणे सोळा येत होते. प्रोग्रॅम सहातून बावीस वजा करत होता, मधे तारीख बदलते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी उठून शेजारच्या टेबलावर जाऊन तोंडी सांगितलं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तीच चूक दुसऱ्याने स्वतः शोधली म्हणून मांडली आणि साहेबांनी त्याचं कौतुक केलं. मी काही बोलले नाही. बोलून दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं: ना ईमेल, ना नोंद, ना तारीख. बसमध्ये बसल्यावर मला बाबांची वही आठवली.

सोमवारपासून मी लिहायला लागले. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लिहा. चूक सापडली की आधी सिस्टीममध्ये नोंदवायची, मग तोंडी सांगायचं. नोंदही नीट करायची. ‘तास चुकीचे येतात’ एवढं लिहिलं तर डेव्हलपर परत विचारायला येणार. असं लिहा: रात्रपाळीच्या कामगाराची हजेरी उघडली, येण्याची वेळ रात्री १०, जाण्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी ६ भरली, सेव्ह केलं, एकूण तास ८ यायला हवे होते, उणे १६ आले, दिवसपाळीला बरोबर येतात, तीनदा करून पाहिलं. सोबत स्क्रीनशॉट. अशी नोंद वाचून डेव्हलपरला कोडमध्ये कुठे बघायचं ते कळतं, आणि नोंदीवर तुमचं नाव आणि वेळ असते.

मीटिंगमध्ये ठरलेल्या गोष्टी पाच ओळींत लिहून सगळ्यांना ईमेल करणं चांगलंच. पण टिपणं काढण्याचं, केक आणायचं, वाढदिवसाची वर्गणी गोळा करायचं काम दर वेळी मुलींकडेच येत असेल, तर ‘या वेळी मी केलं, पुढच्या वेळी तुम्ही घ्या’ असं नाव घेऊन म्हणा. पहिल्याच महिन्यात म्हटलं की सोपं जातं. वर्षभर केल्यावर ते तुमचंच काम होऊन बसतं.

दर शुक्रवारी आठवड्यात काय केलं ते चार ओळींत लिहा. वर्षाच्या शेवटी पगारवाढीचा फॉर्म येतो तेव्हा बहुतेक जणींना शेवटचे दोन महिनेच आठवतात. तुमच्याकडे बावन्न पानं असतील.

पायरी ९: त्रास झाला तर

अंगाला हात, नको ते मेसेज, दिसण्यावरून शेरे, कामाच्या बदल्यात ‘भेटायला ये’, हे सगळं २०१३ च्या कायद्यात लैंगिक छळ म्हणून येतं. ऑफिसच्या कॅबमध्ये, कामासाठीच्या प्रवासात घडलं तरी येतं. तुम्ही इंटर्न असा, कंत्राटी असा, कायम असा, कायदा सगळ्यांना लागू आहे.

दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य कंपनीबाहेरची व्यक्ती असते. जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात समितीतल्या नावांची यादी बघून वहीत लिहून ठेवा. तेव्हा विचारणं सोपं असतं, गरज पडल्यावर विचारताना हात थरथरतात. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते, आणि त्या काळात बदली किंवा रजा मागता येते. कंपनी दहापेक्षा लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार करता येते. जिवाला धोका वाटला तर ११२.

घडल्या घडल्या लिहा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आजूबाजूला कोण होतं. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घरच्या ईमेलवर ठेवा. आणि एका माणसाला त्याच दिवशी सांगा, मग ती मैत्रीण असो, बहीण असो की आई. दोष तुमचा नाही, कपड्यांचा नाही, उशिरापर्यंत थांबण्याचा नाही. घरी सांगितलं तर नोकरीच सोडायला लावतील या भीतीने किती मुली एकट्या सोसतात ते मला माहीत आहे. म्हणून आईवडिलांनाही मी सांगते, मुलगी काही सांगायला आली तर पहिला प्रश्न ‘मग पुढे काय करायचं आपण?’ असा विचारा.

पायरी १०: बाळंतपण आणि परत येणं

आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. या रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. रजेचा अर्ज ईमेलने द्या आणि पोहोच जपून ठेवा.

रजेवर जाण्याआधी तुमच्याकडचं काम कुणाकडे, कुठल्या टप्प्यावर दिलं ते लिहून पाठवा. परत यायच्या महिनाभर आधी मॅनेजरला फोन करून कुठल्या टीममध्ये बसणार ते विचारा. मूल कुणाकडे राहणार याची तालीम कामावर यायच्या दोन आठवडे आधी सुरू करा, पहिल्या दिवशी दोन तास, मग चार, मग पूर्ण दिवस. मी थेट सोमवारी नऊ तासांसाठी लेकीला सोडून गेले, आणि दुपारी तीन वाजता सातपूरच्या ऑफिसच्या जिन्यात रडत बसले होते. तिथे एक वरिष्ठ ताई आल्या, काही न विचारता शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘बुधवारी जॉइन व्हायचं असतं गं. तीन दिवसांनी शनिवार येतो.’ तेव्हापासून परत येणाऱ्या प्रत्येकीला मी बुधवारचीच तारीख घ्यायला सांगते, आणि जुनी वही बरोबर आणायला.